बडोद्याच्या मेट्रोच्या चर्चेत ट्रामलाही जागा असावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बडोद्याला मेट्रो हवी की नको, या विषयावर गेले काही दिवस आपल्या स्तंभात येणारी पत्रे मी लक्षपूर्वक वाचत आहे. त्यांतल्या दोन पत्रांत ट्रामचा उल्लेख झाला आणि दोन्ही ठिकाणी सूर एकच होता : जुनाट, खडखडणारे, कलकत्त्यालाही नकोसे झालेले वाहन. माझी सारी नोकरी रेल्वेच्या यांत्रिकी विभागात आणि तीही बरीचशी प्रतापनगरच्या आवारात गेली. त्यामुळे रुळांवर धावणाऱ्या वाहनाची अशी बोळवण होताना मला गप्प बसवत नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु प्रश्न माझ्या आवडीनिवडीचा नाही. आज जगात ज्याला ट्राम म्हणतात ते वाहन आणि आपल्या मनातली ट्राम यांत किती अंतर पडले आहे, हे न पाहताच जुन्या शहरासाठी खांबांवरच्या मेट्रोचा निर्णय झाला, तर ते खांब पुढची शंभर वर्षे कोणाला हलवता येणार नाहीत.

खरे तर बडोद्याने तरी ट्रामला परकी म्हणू नये. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम या मार्गावर एकमेकांपासून अडीच फुटांवर रूळ टाकले गेले. ते इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलवेना, म्हणून १८७३ पर्यंत डबे बैल ओढत होते. रुळांवरचे डबे आणि पुढे बैल, याला घोड्यांच्या ट्रामचे सख्खे भावंडच म्हणायला हवे. मुंबईत घोड्यांची ट्राम त्यानंतर बारा वर्षांनी, ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर गेली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची गाडी निघून गेली. दिल्ली, कानपूर, मद्रास या शहरांतल्या ट्रामही गेल्या. उरले कलकत्ता, आणि तिथेही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढा तुकडा वारसा म्हणून ठेवून बाकीची सेवा बंद करण्याचे जाहीर केले. पत्रलेखकांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा, की ट्राम हे वाहनच कालबाह्य झाले. माझा निष्कर्ष वेगळा आहे. कलकत्त्यात जिथे रस्त्याच्या मधोमध ट्रामसाठी पट्टा राखलेला होता, तो पट्टाही पुढे मोटारींना मोकळा करून दिला गेला. ज्या गाडीला बाजूला सरकता येत नाही तिच्या पुढ्यात टॅक्सी, हातगाडी आणि उभा टेम्पो आणून ठेवायचा आणि मग ती हळू चालते म्हणून तिलाच दोष द्यायचा, हा न्याय कोणता?

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे मेलबर्नला तीन महिने राहण्याचा योग आला. त्याआधीच सौ.च्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. बडोद्यात रावपुऱ्याच्या थांब्यावर बस आली की ती थांब्यापासून चार हात लांब, रस्त्याच्या मध्येच उभी राही. खालची पायरी गुडघ्याच्या उंचीवर, मागून रिक्षाचा हॉर्न आणि कंडक्टरची घाई. दोनदा प्रयत्न फसल्यावर तिने बसचा नादच सोडला. मेलबर्नला ९६ क्रमांकाच्या ट्रामच्या थांब्यावर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिने सवयीने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. गाडी आली, दार सरकले आणि फलाटाची फरशी व गाडीची जमीन एका पातळीत, मध्ये जेमतेम दोन बोटांची फट. तिने पाय उचललाच नाही, पुढे टाकला. तिच्या मागून एक बाई बाबागाडी ढकलत आत आली आणि कोणाला "जरा हात द्या" म्हणावे लागले नाही. ती गाडी ३३ मीटर लांबीची, दोनशे दहा माणसांची आणि एका चालकाची. पुढे बर्क स्ट्रीटच्या बाजारपेठेत, जिथे मोटारींना मज्जाव आहे, तीच गाडी खरेदी करणाऱ्या माणसांच्या गर्दीतून घंटा वाजवत पायी चालण्याच्या वेगाने पुढे सरकली. दोन्ही बाजूंना दुकाने, मध्ये रूळ, आणि कुंपण कुठेही नाही. मला त्या क्षणी रावपुऱ्याचा टॉवर आठवला, हे सांगताना संकोच वाटत नाही.

त्याच शहरात पायऱ्या चढून जावे लागणाऱ्या जुन्या गाड्याही अजून बऱ्याच आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गाडी कोणती येते ते पाहून सौ. कधी चढे, कधी पुढच्या गाडीची वाट पाही.

ही सपाट जमीन दिसते तितकी सोपी नाही, आणि माझ्या व्यवसायामुळे या बाबतीत थोडे अधिक लिहिण्याची मुभा घेतो. रेल्वेच्या डब्यात दोन चाके एका ॲक्सलवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, घट्ट बसवलेली असतात आणि चाकाचा पृष्ठभाग किंचित उतरता असतो. त्यामुळे वळणावर ही जोडी स्वतःच स्वतःला सावरते. ट्रामचे चाक साधारण ६०० मिलिमीटर व्यासाचे धरले तर ॲक्सलचा मध्य रुळापासून ३०० मिलिमीटरवर येतो, आणि त्याच्यावरून जमीन न्यायची म्हणजे ती दारापाशी हव्या असलेल्या ३५० मिलिमीटरवर राहूच शकत नाही. यावर १९८०-९० च्या दशकांत युरोपातल्या कारखान्यांनी ॲक्सलच काढून टाकण्याचा मार्ग शोधला : प्रत्येक चाक स्वतंत्र, मधून जाण्यायेण्याची वाट. जमीन सपाट झाली खरी, पण चाकांचे ते सावरणे गेले, फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड, झिजू लागले आणि वळणावर किंकाळ्या ऐकू येऊ लागल्या. दुसरी युक्ती म्हणजे बोगी, अर्थात डब्याखालची चाकांची चौकट, डब्याला जवळजवळ पक्की जोडायची आणि तिच्या पुढचा-मागचा डबा चाकांशिवाय अधांतरी टांगायचा. यात सांगाड्यावर येणारा ताण किती, हे पहिल्या वेळी नीट मोजले गेले नाही. सीमेन्स कंपनीच्या काँबिनो जातीच्या गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात दोष निघाले आणि १ लाख २० हजार किलोमीटरहून अधिक धावलेल्या गाड्या सेवेतून काढा, असे २००४ मध्ये कंपनीलाच सांगावे लागले. त्यानंतर प्रागसाठी श्कोडाने जी गाडी बनवली तिच्यात पुन्हा फिरत्या बोग्या आल्या, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आली, आणि बोगीवर जमीन थोडी उंच ठेवून तिथवर हलका उतार दिला गेला. चाळीस वर्षे चुकत, दुरुस्त करत हे वाहन इथवर आले आहे. जुनाट वस्तूवर कोणी एवढी मेहनत घेत नाही.

आता वाटेबद्दल, कारण माझ्या मते मुद्दा गाडीचा कमी आणि वाटेचा अधिक आहे. मेलबर्नचे ट्रामचे जाळे सुमारे २५० किलोमीटरचे, जगातले सर्वांत मोठे मानले जाते. पण त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग मोटारींबरोबर वाटून घेतलेल्या रस्त्यावर आहे, आणि म्हणून गाडीचा सरासरी वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपासच राहतो. गाडी अत्याधुनिक, वेग सायकलीचा. तिथे यावर एक गमतीचा उपाय आहे. आपल्यासारखेच ते लोक डाव्या बाजूने गाडी चालवतात, पण शहराच्या मध्यभागी उजवीकडे वळायचे असेल तर मोटारीने डाव्या कडेला जाऊन थांबायचे आणि सिग्नल बदलताच सगळा चौक ओलांडून वळायचे, जेणेकरून मधले रूळ अडणार नाहीत. काळा घोडा चौकात ही पद्धत शिकवायला उभे राहणाऱ्या पोलिसाची मला आत्ताच दया येते. झुरिकच्या नागरिकांनी अधिक सरळ मार्ग धरला. त्यांनी १९६२ आणि १९७३ अशा दोन सार्वमतांत वाहतूक जमिनीखाली नेण्याच्या योजना फेटाळल्या आणि १९७७ मध्ये ट्राम-बसला सिग्नलवर अग्रक्रम मिळावा, त्यांच्या वाटेतले अडथळे दूर व्हावेत, यासाठी वीस कोटी फ्रँक मंजूर केले. बोगद्यात घालायचा पैसा न घालता त्याचा एक अंश चौकाचौकांतली खोळंबणारी मिनिटे वाचवण्यासाठी वापरला गेला.

फ्रान्सचे उदाहरण बडोद्याला सर्वांत जवळचे वाटते, कारण तिथल्या शहरांनी ट्राम उखडून टाकून नंतर ती परत आणली. पहिले शहर नांत. ज्या महापौरांनी योजना हाती घेतली ते १९८३ ची निवडणूक हरले. काम इतके पुढे गेले होते की विरोधकांनाही ते थांबवता आले नाही आणि १९८५ मध्ये गाडी सुरू झाली. १९८७ मध्ये ग्रनोब्लने चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला एकट्याने चढता येईल अशी गाडी आणली. स्ट्रासबुर्गमध्ये तर भुयारातली स्वयंचलित छोटी मेट्रो की रस्त्यावरची ट्राम, हा १९८९ च्या पालिका निवडणुकीतला मुख्य वाद होता. बरेचसे व्यापारी मेट्रोच्या बाजूचे, कारण रस्ता मोटारींसाठी मोकळा राहील असा त्यांचा हिशेब. महापौरपदाच्या उमेदवार कात्रीन त्रोतमान ट्रामच्या बाजूने उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये पहिला मार्ग सुरू झाला. ट्रामसाठी रस्ता घेताना त्यांनी शहराच्या मध्यातून आरपार जाणारी मोटारींची वाहतूक बंद केली. गाडी आणणे आणि मोटारी हटवणे ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. आपल्याकडे पहिले काम थाटाने होते आणि दुसऱ्याची वेळ आली की सगळे एकमेकांकडे पाहतात.

आपल्या केंद्र सरकारनेही या दिशेने विचार केलेला नाही असे नाही. २०१७ च्या मेट्रो धोरणाने कोणत्याही शहराला मेट्रोचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास करणे बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मेट्रोलाइट नावाच्या हलक्या रेल्वेचे मानक जाहीर झाले. मेट्रोपेक्षा तिचा खर्च बराच कमी येईल, असा सरकारचाच दावा आहे. परंतु त्या मानकात रुळांच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालण्याची जी कल्पना आहे, तिच्याबद्दल माझे स्पष्ट मतभेद आहेत. रुंद महामार्गालगत कुंपण चालेल. रावपुऱ्यात ते घातले तर रस्त्याचे उभे दोन तुकडे होतील आणि समोरच्या दुकानात जायला माणसाला पुढच्या चौकापर्यंत वळसा पडेल. मानकाला जे मंजूर आहे ते जुन्या शहराला मानवणारे नाही, आणि जुन्या शहराला जे मानवेल ते मानकात नाही, अशी ही अडचण आहे. ती सोडवण्यासाठी मानक बदलावे, शहर नव्हे.

माझ्या डोळ्यांपुढचा मार्ग साधा आहे : स्टेशन, सयाजीगंज, काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, कोठी, रावपुरा, न्यायमंदिर आणि तिथून प्रतापनगर. या वाटेवर विद्यापीठ येते, कमाटीबाग येते, मोठे सरकारी रुग्णालय येते आणि बाजारपेठ येते. ट्रामला पंचवीस मीटर त्रिज्येचे वळण पुरते, मेट्रोला त्याच्या कितीतरी पट मोठे लागते. म्हणूनच मेट्रोला जुन्या पेठेत घरे पाडावी लागतात किंवा तिच्या खाली शिरावे लागते. शेजारच्या अहमदाबादेत मेट्रोच्या सुमारे ४० किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याला बारा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. एवढा खर्च सार्थ ठरावा इतकी माणसे तिथे रोज तेवढ्या अंतरावर जातात की नाही, हा अहमदाबादचा प्रश्न. आपल्या शहराचा पसारा आणि अंतरे वेगळी आहेत, एवढे तरी मान्य व्हावे.

आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही खरे आहेत. सर्वांत मोठा आक्षेप दुचाकींचा. रस्त्यात बसवलेल्या रुळाला जी खाच असते तिच्यात स्कूटरचे टायर अडकत नाही, सायकलचे अडकू शकते. स्कूटरला खरा धोका पावसात ओल्या पोलादावरून तिरकस जाताना घसरण्याचा. जिथे रूळ वेगळ्या, किंचित उंच केलेल्या पट्ट्यात असतात आणि ओलांडण्याच्या जागा काटकोनात दिलेल्या असतात, तिथे हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणजे पुन्हा राखीव वाटेचाच प्रश्न. दुसरा आक्षेप माझ्या शेजाऱ्यांनी काढला आणि तो ऐकून मी निरुत्तर झालो होतो : वरून वीजतार गेली तर गणपती कसे नेणार? दांडिया बाजारात राहून या प्रश्नाला हसणे शक्य नाही. पण फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये २००३ पासून ऐतिहासिक भागात तारच नाही; रुळांच्या मध्ये तिसरी पट्टी आहे, तिचे छोटे छोटे तुकडे केलेले आहेत आणि गाडी नेमकी ज्या तुकड्यावर असते तेवढ्यातच वीज येते. सुरुवातीला या यंत्रणेने तिथल्या लोकांना पुष्कळ छळले. फ्रान्समधल्याच नीसमध्ये गाडी चौक ओलांडताना बॅटरीवर जाते. रावपुरा ते न्यायमंदिर एवढा तुकडा बॅटरीवर काढणे आज कठीण राहिलेले नाही, आणि विश्वामित्रीच्या काठच्या शहरात जमिनीतल्या विजेपेक्षा मला बॅटरीच बरी वाटते. पुराचे म्हणाल तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये जे पाणी आपण पाहिले त्यात ट्राम उभीच राहील, कारण तिच्या चाकांच्या विजेच्या मोटर रुळांपासून वीतभर उंचीवर असतात. बसही उभ्याच होत्या. मात्र गाड्यांचा डेपो सखल भागात बांधू नये, एवढी अक्कल त्या पुराने आपल्याला दिली असावी.

व्यापाऱ्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. रूळ टाकण्यापूर्वी रस्त्याखालचे नळ, गटारे आणि केबल हलवाव्या लागतात, आणि त्या काळात दुकानापुढे खड्डा असतो. एडिनबरात नेमके याच टप्प्यावर घोडे अडले. योजना तीन वर्षे लांबली, ३७ कोटी पौंडांचा अंदाज ७७ कोटींच्या वर गेला आणि २०१४ मध्ये सुरू झालेला मार्ग ठरल्यापेक्षा आखूड निघाला. फ्रान्समधल्या अनेक शहरांत बांधकामाच्या काळात दुकानदारांचे नुकसान ठरवून भरपाई देणाऱ्या समित्या नेमल्या जातात. आपल्याकडे अशी तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच असावी, नंतरच्या आंदोलनावर ती सोडू नये.

जाता जाता एक गोष्ट सुचवतो. जपानमधल्या तोयामा शहराने रेल्वेची एक रोडावलेली शाखा २००६ मध्ये ट्रामसाठी घेतली. जिथे तासाला एखादी गाडी येई तिथे दिवसा दर पंधरा मिनिटांनी येऊ लागली आणि प्रवासी परतले. जर्मनीतल्या कार्ल्सरुहेची ट्राम तर १९९२ पासून शहरातल्या ७५० व्होल्टवरून मुख्य रेल्वेच्या १५ हजार व्होल्टवर जाते आणि तशीच पुढच्या गावापर्यंत पोहोचते. प्रतापनगरहून डभोईकडचा मार्ग आता ब्रॉडगेज आणि विजेचा झाला आहे. मालगाड्यांबरोबर हलकी गाडी चालवायला आपले सुरक्षेचे नियम आज परवानगी देणार नाहीत, हे मी जाणतो; तरी डभोईचा माणूस उद्या न उतरता न्यायमंदिरापर्यंत यावा, हा विचार मनातून जात नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. बडोद्यासाठी पर्यायांचा अभ्यास होईल तेव्हा रस्त्यावरची, बिनकुंपणाची, सपाट जमिनीची ट्राम हा एक पर्याय म्हणून आकड्यांसह मांडला जावा. नुसता नामोल्लेख करून तो बाद करू नये. बाहेरच्या सल्लागारांना बोलावण्यापूर्वी घरातल्यांना विचारावे. लालबागेत रेल्वेची राष्ट्रीय अकादमी आहे, गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, आणि तासाभराच्या अंतरावर सावली या गावी मेट्रोचे डबे बनतात. तो कारखाना ज्या कंपनीने उभारला तिनेच मेलबर्नच्या त्या ३३ मीटरच्या गाड्याही बनवल्या होत्या. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी, काळा घोडा ते न्यायमंदिर या रस्त्याची रुंदी दर पन्नास मीटरवर मोजावी आणि तीच मोजणी सोमवारी संध्याकाळी सहा वाजता, उभी वाहने वगळून, पुन्हा करावी. ते दोन आकडे आपल्या दैनिकाने शेजारीशेजारी छापावेत.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे